बर्फात ठेवलेली बाटली

मी एक जुना थर्मास आहे. झाकणाला पोचा आलाय, पट्टा तुटला म्हणून सुतळी बांधलीय. मित्रांनो, माझ्या पोटात काचेची दुहेरी भिंत आहे. तिच्यामुळे गरम ते गरम राहतं, गार ते गार. आत काय भरायचं हे मात्र माझ्या हाती नसतं, आणि माझा सगळा राग तिथंच आहे.

कारखान्यात जन्मलो, दुकानाच्या काचेमागे मिरवलो, मग एका दूधवालीनं मला घरी नेलं. तिचा नवरा रखवालदार. त्याचा चहा मी वर्षानुवर्षं सांभाळला. "माणसं निवतात, हा निवत नाही," असं तो कौतुकानं म्हणायचा. तो गेला आणि मी माळ्यावर गेलो. धूळ खात खालची बोलणी ऐकू लागलो.

बोलणी कसली, नुसते बाण. दूधवालीच्या लेकाच्या लग्नाला वर्षं लोटली, पाळणा हलला नाही. "भाकड गाईला कोण चारा घालतं?" सासू सुनेला ऐकवायची. "दुसरी बघ," असं लेकाला सांगायची. सून शिवणयंत्र आणखी जोरात चालवायची. लेक वायरमन. लोकांच्या घरी उजेड करायचा, स्वतःच्या घरी मूग गिळून बसायचा.

शेवटी सुनेनंच त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोघांची तपासणी झाली. निकाल आणायला तो एकटा गेला आणि येऊन म्हणाला, "तसं सगळं ठीक आहे. तरी एक उपाय करू म्हणतात." उपाय सोपा होता. पुरुषाचं बीज प्रयोगशाळेत धुवायचं, त्यातलं चपळ तेवढं निवडायचं आणि योग्य दिवशी बारीक नळीनं बाईच्या गर्भाशयात सोडायचं. कापाकापी नाही, त्याच दिवशी घरी. बीज थोडं कमी असलं तरी त्याची वाट जवळची होते.

लेकाला दवाखान्यात लाज वाटायची, म्हणून बीज घरीच बाटलीत घेऊन न्यायचं ठरलं. सून म्हणाली, "अंगाशी धरून न्यायला सांगितलंय."

"मला शिकवू नकोस," सासू म्हणाली. "उबेनं दूध नासतं, मग हे नाही नासणार?" तिनं मला माळ्यावरून काढलं, माझ्यात बर्फ ठासला आणि त्यात बाटली खोचली. लेक उंबऱ्यात बुटाची नाडी बांधत होता. सगळं ऐकलं आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली.

तिघंही मला घेऊन दवाखान्यात गेली. प्रयोगशाळेतल्या बाईंनी माझं झाकण उघडलं. "आजी, आइस्क्रीम आणलंय का? बीज पार गारठलं. ही खेप वाया गेली."

"मी कशाला बर्फ घालू?" सासू म्हणाली. "हिनं घातला. हिला मूल नकोच आहे."

मित्रांनो, मला तोंड आहे, जीभ नाही. त्या दिवशी त्याचं जेवढं वाईट वाटलं, तेवढं कधीच नाही. सुनेनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

"आई, बर्फ तू घातलास," तो खाली बघत म्हणाला. "आणि बर्फ नसता तरी बीज कमीच होतं. माझं. निकालात लिहिलं होतं."

"म्हणजे तुला माहीत होतं," सून म्हणाली, "आणि भाकड मी?" ती रडली नाही. "उपाय मी करणारच. पण आत्ता बोललास ते घरी मावश्या-आत्यांना बोलावून त्यांच्यासमोर म्हणायचं."

त्यानं म्हटलं. कान लाल झाले, पण म्हटलं. सासू आत भांडी आपटत राहिली.

पुढच्या वेळी बाटली दवाखान्यातच भरली गेली. ती खेप लागू पडली नाही, त्यानंतरचीही नाही. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले. सासूला ते शेजारणीकडून कळलं आणि ती तणतणत आली. "मलाच शेवटी सांगायचं?"

"माझा दोष तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळला होता," सून दोरा ओवत म्हणाली. "म्हटलं, आनंद जरा उशिरा कळू दे."

मित्रांनो, ज्यांना मूल हवंय त्यांनी दोघांनी तपासून घ्यावं, निकाल दोघांनी मिळून ऐकावा. उपाय आहेत, त्यांत लाजण्यासारखं काही नाही. आणि तोवर बाईला बोल लावू नका. या घरात आता मुलगी रांगते, सगळ्यांच्या मांडीवर चढते. सून मात्र सासूशी कामापुरतंच बोलते.