साक्षीची तालीम

दार नुसत्या ढकलण्याला दाद देईना, तेव्हा तिने लाथ घातली.

“सावकाश, बाई! सरकारी दार आहे,” मागून उस्ताद ओरडला. पोलिसांची शाळा केव्हाच बंद पडली. तिथे पोरांना घडवणारा हा म्हातारा आवारातल्या खोलीत तसाच राहिला होता. त्याला हाकलायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

जुना पडदा विकत घ्यायचाय, असं सांगून ती शाळेच्या नाट्यगृहात शिरली होती. शिवणकाम करणाऱ्या बाईवर कोण संशय घेणार? आत खुर्च्या कबुतरांनी बळकावलेल्या. रंगमंचावर प्लायवूडचा साक्षीदाराचा पिंजरा मात्र अजून उभा.

“इथे साक्ष शिकवायचो,” उस्ताद म्हणाला. “पोरं कोर्टात त-त-प-प करायची. मी वकील होऊन सोलून काढायचो एकेकाला. प्रत्येक प्रसंगाचं वाक्य ठरलेलं. झोपेतून उठवलं तरी घडाघडा यायला पाहिजे!”

तिने ओढणीखाली मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं.

तिचा धाकटा भाऊ पोलीस चौकीत मेला होता. याच शाळेत शिकलेल्या तीन शिपायांनी कोर्टात एकच वाक्य सांगितलं, काना-मात्रेचा फरक नाही. तिघांच्या सांगण्यात तफावत नाही, म्हणजे खरंच असणार, असं न्यायाधीशांनी ठरवलं. अहो, एकच लग्न पाहिलेली तीन माणसं ते तीन तऱ्हांनी सांगतात! तिच्या वकिलाने हात झटकले होते. “ते वाक्य शिकवणाऱ्याच्या तोंडून आणा, नाहीतर अपील विसरा.”

“कोठडीत माणूस दगावला तर?” तिने विचारलं.

उस्ताद पिंजऱ्यात चढला. छाती काढली. आवाज एकदम करकरीत झाला.

“आरोपीने हाताला हिसडा मारला आणि...”

तिने मोबाइल थोडा पुढे सरकवला.

“हिसडा मारला आणि... काय बरं?”

“आठवा ना, उस्ताद.”

“जिभेवर आहे हो.” त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडला. तिसऱ्या खेपेला ‘आरोपीने’च्या पुढेच जाईना. “गेलं बघा. हल्ली बायकोचं नावसुद्धा असंच जातं. चला, खाली उतरू.”

सुचवायचं नव्हतं. सुचवलं की सगळं मातीत, हे तिला कळत होतं. पण तो एक पाय खाली टाकत होता.

“पळण्यासाठी,” ती हळूच म्हणाली.

“हां! पळण्यासाठी...” त्याने मान पुढे काढून तिलाच विचारलं, “पुढे?”

“पळण्यासाठी धाव घेतली, पायरीवर पाय घसरून तो डोक्यावर पडला, आम्ही त्याला तातडीने दवाखान्यात हलविले.”

ती एका दमात बोलून गेली. कुठेही न अडखळता. मोबाइल चालूच होता.

उस्तादाचा चेहरा उजळला. त्याने कठड्यावर थाप मारली.

“शाब्बास पोरी! कुठल्या तुकडीतली गं तू?”