नझीराचा होकार

"बाई, तुझ्या होकाराशिवाय मी याच्या डोक्यावर हात ठेवून याला पाद्री करणार नाही," कॉफीचा पेला खाली ठेवत बिशप म्हणाले. "मनात असेल ते बोल."

नझीराने रिकामा पेला उचलला. तिचा नवरा तनूस भिंतीपाशी उभा होता, दगड घडवून राठ झालेले हात पाठीमागे धरून.

"उद्या सांगते, सय्यदना," ती कशीबशी म्हणाली.

ऐन दलबा गावाला देवाच्या कामी माणसं देण्याची जुनी हौस. घरटी एखादा मुलगा मठात, नाहीतर एखादी मुलगी संन्यासिनी. गावचा पाद्री मात्र गावातलाच, बायकापोरांचा धनी. म्हातारे पाद्री हिवाळ्यात वारले आणि मिस्सेसाठी खालच्या गावच्या पाद्र्याची मनधरणी करायची पाळी आली. तेव्हापासून सगळ्यांचे डोळे तनूसवर लागले होते. गवंडीकाम सांभाळून त्याने कित्येक वर्षं धर्मशिक्षण घेतलं होतं. बायकोने हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

"खुरीये म्हणू का गं आतापासूनच?" शेजारची उम्म फहीम झऱ्यावर भेटली. "पाद्र्याची बायको झालीस म्हणून नाक वर करून चालू नकोस हं! नाहीतर तोंडावर पडशील."

नझीरा हसली आणि घागर उचलून घराकडे वळली.

लढाईच्या दिवसांत तिचा भाऊ बद्री स्वतःच्या उंबऱ्यात गोळी लागून पडला होता. दाराची कडी त्यानेच आतून काढली होती. ओळखीच्या हाकेशिवाय त्या दिवसांत कोण दार उघडत होतं? म्हणजे मारणारा गावातलाच. तो अजून इथेच कुठेतरी सफरचंदं उतरवत होता, लग्नांत नाचत होता.

घरी आल्यावर तिने तनूसला गाठलंच.

"तो तुझ्यापुढे पापकबुलीला गुडघे टेकून बसला तर?"

तो म्हणजे कोण, हे तनूसला विचारावं लागलं नाही. "तर ऐकेन."

"आणि माफी देशील?"

"खरा पस्तावा असला तर द्यावीच लागेल, नझीरा. देवाच्या नावाने."

"आणि मला नाव सांगशील?"

"तुला काही सांगणार नाही. मरेपर्यंत नाही. म्हणून तर म्हणतो, नको म्हण. मी पुन्हा विषय काढायचो नाही."

त्याने तो खरंच काढला नसता, हे तिला ठाऊक होतं. मुकाट्याने दगड फोडत म्हातारा झाला असता. तिने होकार दिला, तनूस पाद्री झाला, आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी तनूस दुपारभर चर्चमध्ये पापकबुल्या ऐकत बसला. घरी आला तो थेट हात धुवायला गेला. बराच वेळ धुतच राहिला. मग ताटावर बसला, पण मसूरभाताचा एक घासही त्याच्याने उचलवेना. त्याने नझीराकडे पाहिलं नाही. एरवी दारातून आत येता येता तिची थट्टा करणारा माणूस!

बद्रीचा मारेकरी आला होता तर. 'कोण?' हा शब्द अगदी ओठांवर आला.

"गार होतंय," ती म्हणाली. "जेव."

दुसऱ्या दिवशी मिस्सेत तनूसने वेदीला हात लावून देवाची शांती घेतली आणि रीतीप्रमाणे ती हातांनी खाली लोकांत दिली. एकाने जोडलेले हात पुढे करायचे, दुसऱ्याने ते तळव्यांत घ्यायचे आणि पुढच्याकडे वळायचं. शांती पुरुषांच्या बाकांवरून एकेक करत जवळ येत होती. यातले कुठले हात त्याचे? नझीराला उठून पळावं असं वाटत होतं, पण आता ती खुरीये होती आणि सगळा गाव बघत होता.

मधल्या वाटेपलीकडच्या बाकावरून दोन जोडलेले हात तिच्यापुढे आले. तिने मान वर केली नाही. ते हात तिने आपल्या तळव्यांत घेतले, घट्ट धरले, आणि उम्म फहीमकडे वळली.