हाडाची पांजणी

चुकीचं काम डोळ्यांदेखत चाललेलं असावं आणि आपण तोंडाला कुलूप लावून उभं राहावं, हे कुसुमावतीला कधी जमलंच नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होऊन नऊ वर्षं झाली, तरी हा गुण काही गेला नव्हता. काचसामानासोबत ती साहेबलोकांनाही धुऊन काढायची. ऋतुजा मॅडमवर मात्र तिचा जीव होता, म्हणून तिथे ती जरा सबुरीनं घ्यायची. जराच.

मॅडम नागपुरातल्याच, लकडगंजच्या. वय बत्तीस, आणि चार वर्षांपासून एका पट्टीच्या मागे हात धुऊन लागलेल्या. मोडलेल्या हाडाला आधार देणारी पट्टी. स्टीलची नव्हे, तर शरीरात विरघळणाऱ्या धाग्यांची आणि हाडात असतं त्याच खनिजाच्या पांढऱ्या पुडीची. हाड जुळेपर्यंत तिनं धरून ठेवायचं आणि मग हळूहळू विरून जायचं. कुसुमावतीला हे एका वाक्यात पटलं होतं. तिच्या नवऱ्याची, जागेश्वरची, पायाची नळी मोडली तेव्हा स्टीलची पट्टी घालायला पाय एकदा चिरला, आणि ती टोचायला लागली म्हणून काढायला दुसऱ्यांदा. दुसऱ्या खेपेला चार महिने खाटेवर गेले, पाय अधूच राहिला आणि घरातला माग विकावा लागला. त्यानंतर जागेश्वरनं विणकामाचं नावही काढलं नाही.

पण मॅडमची पट्टी काही ऐकेना. अंगाइतक्या कोमट मिठाच्या पाण्यात ठेवली, की सहाव्या आठवड्यात तिचे थर सुटायचे. हाड जुळायला हवेत बारा. तीन पट्ट्या अशाच गेल्या. आता धाग्याचं शेवटचं रीळ उरलं होतं, नवं यायला वेळ नव्हता, आणि मे महिन्यात प्रकल्पाच्या तपासणीला साहेब येणार होते. बारा आठवडे पाण्यात राहून पट्टीनं चाळीस किलो पेललं, तर काम पुढे बकऱ्यांवर आणि एक दिवस माणसांवर. नाही तर फाइल बंद.

धागे पुडीच्या पातळ द्रावणात बुडवायचे आणि ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये वाळवायचे, ही मॅडमची रीत. तिसऱ्या वेळी कुसुमावतीला राहवलं नाही.

“मॅडम, धागे एकमेकाले चिकटून राहिले नं. इथं गोळा, तिथं कोरडं. असं सूत वाळवलं असतं, तर सासऱ्यानं घराबाहेर काढलं असतं मले.”

“मावशी, ही साडी नाही,” मॅडम हसून म्हणाल्या आणि ओव्हनचं दार लावलं.

साडी नाही म्हणे! अहो, कुसुमावती गोळीबार चौकाजवळच्या विणकरांची लेक. फ्रॉक घालायच्या वयात ती पांजणी शिकलेली. मागावर चढवण्याआधी सूत गल्लीभर ताणायचं, त्याला तांदळाची पातळ खळ लावायची आणि वाळेस्तोवर कुंचा फिरवत राहायचं. एकाच दिशेनं, न थांबता. थांबलात की धागा धाग्याला चिकटला, मेहनत पाण्यात. आणि त्या खळीचं काम तरी काय? विणून होईस्तोवर सुताला बळ द्यायचं आणि धुतल्यावर निघून जायचं. मॅडमच्या पट्टीला वेगळं काय करायचं होतं? पण एवढ्या शिकलेल्या बाईला हे सांगणार कोण!

शेवटच्या रिळाच्या दिवशी नेमकं मॅडमना मीटिंगचं बोलावणं आलं. “मावशी, धागे बुडवून ट्रेमध्ये ठेवा, मी आलेच.” कुसुमावतीनं मान डोलावली आणि मॅडमची पाठ वळताच पिशवीतून कुंचा काढला. सासऱ्याचा कुंचा. माग विकला तेव्हा जागेश्वरनं तो फडक्यात बांधून कपाटावर ठेवला होता आणि कोणी हात लावायचा नाही, असं बजावलं होतं. तिनं तो सकाळी चोरून आणला होता आणि साबणानं तीनदा धुतला होता.

मॅडम परतल्या तेव्हा खिडकीच्या गजापासून समोरच्या कपाटाच्या कडीपर्यंत पांढरे धागे ताणलेले, आणि मावशी एकाच दिशेनं कुंचा फिरवतेय. रागावल्या की मॅडमची पुस्तकी मराठी पार पळून जायची.

“मावशी! काय करून राहिल्या तुम्ही? शेवटचं रीळ होतं नं ते! धूळ, कुंच्याचे केस... चार वर्षं मातीत घातली माझी!” आणि त्या रडायलाच लागल्या.

हे काय करून बसलो आपण, असं कुसुमावतीलाही वाटलं. पण हात थांबले नाहीत. थांबले असते तर सगळंच चिकटलं असतं.

“शिव्या द्या, मॅडम. पण आधी वाळू द्या.”

दोन दिवस मॅडम धुसफुसत होत्या. पण करणार काय? दुसरा धागाच नव्हता. त्याच धाग्यांचे थर रचले, तापवून दाबले, पट्टी केली आणि मिठाच्या पाण्यात सोडली. कुसुमावती टेकडीच्या गणपतीला नवस बोलली आणि रोज सकाळी झाडू हातात घेण्याआधी बरणीत डोकवायला लागली. सहावा आठवडा आला. थर सुटले नाहीत. सातवा गेला, आठवा गेला. नवव्या आठवड्यात मॅडमनी दोन कप चहा मागवला आणि एक तिच्यापुढे सरकवला.

मे महिन्यात नागपूर तव्यासारखं तापलेलं असताना तपासणीला डॉक्टर कृष्णकांत आले. पिकल्या केसांचे, तोलून-मापून बोलणारे. पट्टीचं वजन झालं. किंचित घटलेलं होतं, म्हणजे विरायची सुरुवातही झाली होती. मग ती यंत्रात बसवली. पडद्यावर आकडा चढू लागला. दहा. वीस. तीस. कुसुमावतीनं दारातच डोळे मिटून घेतले.

“चाळीस,” डॉक्टर म्हणाले. “पास! थांबवा.”

“काहून थांबवता जी? जाऊ द्या नं अजून!”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मॅडमचा हात बटणाजवळ होता. तो त्यांनी मागे घेतला. पन्नास. साठ. एकसष्टला ‘टक्’ झालं. पट्टी वाकली, पण एकही थर सुटला नाही!

डॉक्टरांनी ती उचलून भिंगाखाली धरली. “धागे इतके सरळ, पूड इतकी सारखी. कोणतं मशीन वापरलंत?”

“मशीन नाही, सर. कुसुमावती मावशी,” मॅडम म्हणाल्या. “त्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडले होते. चूक माझी होती.” आणि सगळ्यांसमोर त्यांनी मावशीला मिठीच मारली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “बाई, अशा पन्नास पट्ट्यांचे धागे तयार करून द्याल?”

“एकटीनं नाही व्हायचं, साहेब. पांजणी दोघांची असते.”

त्या संध्याकाळी जागेश्वर कूलरसमोर बसला होता. कुसुमावती त्याच्यापुढे उभी राहिली. एरवी तोफेसारखं चालणारं तिचं तोंड आज अडखळलं.

“अजी, तो कुंचा मी...”

“माहीत आहे मले. तू परत ठेवला, पण फडक्याची गाठ माझी नव्हती. अन् कुंचा ओला होता.”

“तीन महिने झाले! मंग बोलले काहून नाही?”

“ओला पाहून बरं वाटलं वं.” “कोणत्या सुताची पांजणी केली?”

“हाडाची,” ती म्हणाली आणि मग तिनं सगळं सांगितलं. विरणारी पट्टी, मिठाचं पाणी, एकसष्ट किलो. दुसऱ्यांदा पाय चिरायची गरजच पडणार नाही, हेही सांगितलं. जागेश्वरचा हात आपसूक नळीवरच्या व्रणावर गेला.

“समोरून ताण कोणी धरला?”

“कोण धरणार? खिडकीच्या गजाले बांधलं.”

“गजाले!” तो ओरडला. “गजाले ताण समजते काय? तरी एकसष्ट? अवं, मी धरला असता तर शंभर गेलं असतं, शंभर!” आणि तो खो खो हसला. माग गेल्यापासून त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. कुसुमावती हसता हसता रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची वेणीसुद्धा घालून झाली नव्हती, तर जागेश्वर धुतलेला सदरा घालून दारात उभा. कुंचा काखेत.

“चाल नं वं लवकर,” तो म्हणाला. “ऊन चढलं तर खळ लवकर सुकते.”