साठ रुपयांची घंटी

अनंतरावांना यातून काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ. एक नारंगी जाकीट, फोटोतली मधली जागा आणि पाठीमागं सत्तर सायकली. लातूरच्या तीस, नांदेडच्या चाळीस. पाटबंधारे खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या मागं शिपाईसुद्धा चालत नव्हता, तेव्हा सत्तर म्हणजे घसघशीतच.

लातूर-नांदेड सायकलफेरीत सगळ्यांच्या पुढं कोण, एवढाच प्रश्न होता. आमच्या क्लबात सहा वर्षं पुढं तेच. पण नांदेडकरांनी अट घातली, पुढच्यानं आधी कौशल्यवर्गात पास व्हायचं. वर्ग घ्यायला त्यांनी उर्वीला पाठवलं. वय चोवीस, गळ्यात शिट्टी.

रविवारी सकाळी मैदानावर मासिक मेळावा भरला. संगमेश्वर चहावाल्यानं कडेच्या टेबलावर सुशीलेचं, म्हणजे भिजवून फोडणी दिलेल्या मुरमुऱ्यांचं, पातेलं मांडलं होतं. उर्वीनं बजावलं, "आधी वर्ग, मग खाणं."

मला कुतूहल वेगळंच होतं. अनंतरावांच्या पत्नी सरोजिनीबाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. सायकल नव्वद हजारांची आणि तिला साठ रुपयांची पितळी घंटी. आमच्यात घंटी म्हणजे दूधवाल्याचं लक्षण. शिवाय चढावर आम्हा सगळ्यांना सहज मागं टाकील अशी ही बाई कायम नवऱ्याच्या पाठीमागंच का? विचारलं की म्हणायच्या, "मागं वारा लागत न्हाई."

उर्वीनं चुन्याची रेघ आखली. "रेघेवरून सरळ जायचं. मी मागून बोटं दाखवीन. मान वळवून बघायचं, आकडा सांगायचा. चाक हललं की नापास."

डॉक्टर भागवत पहिले. मान वळवली आणि सायकलीसकट वळले.

"काका, मान वळवा, सायकल नको!"

मग अनंतराव निघाले. मान ताठ. मागं कुठंतरी ट्रिंग ट्रिंग ट्रिंग.

"तीन!"

"बरोबर. पण काका, तुम्ही बघितलंत कधी?"

"डोळ्याच्या कोपऱ्यातून. सहा वर्षांचा अनुभव हाय, बाळ."

"परत एकदा."

ट्रिंग ट्रिंग. "दोन!"

आता मी सरोजिनीबाईंच्या अंगठ्याकडं बघितलं. रस्त्यावरही ही घंटी वाजायची, मागून ट्रक आला की दोनदा, दुचाकी आली की एकदा. मला वाटायचं, बाई कुत्री हाकतात. म्हणजे या गृहस्थानं सहा वर्षांत एकदाही मागं बघितलं नव्हतं!

उर्वीही काही कमी नव्हती. तिनं घंटीकडं बघितलं आणि तिसऱ्या खेपेला मूठ वर केली.

सरोजिनीबाईंचा अंगठा घंटीवर तसाच राहिला. गणित आयुष्यभर शिकवलं, पण शून्य वाजवायचं कसं?

अनंतराव वाट बघत चालले. रेघ संपली. तरी चालले.

"काका, आकडा!"

अखेर त्यांनी मान वळवली. सायकलही वळली, थेट टेबलाकडं.

"साहेब, पातेलं हाय ओ!" संगमेश्वर ओरडला.

"मूठ! मूठ हाय!" अनंतराव पडता पडता ओरडले.

शिट्टी वाजली. "उत्तर बरोबर. रेघ सुटली. नापास."

मुरमुऱ्यांत बसून कानातली मोहरी काढत अनंतराव आमच्याकडं बघत राहिले. "अगं, हे सगळे एवढे मागं असतात?"

"असतात. डॉक्टर तर दर वेळी रेणापूर फाट्यावर भजी खायला थांबतात."

"मला कधी बोलली न्हाईस?"

"भज्यांना किती वाजवायचं ते कुठं ठरलं होतं?"

डॉक्टर चुन्याच्या रेघेकडं निरखून बघू लागले.

अनंतराव उठले. "मग पुढं तूच जा. मी राहतो सगळ्यात मागं, बघायला शिकेपर्यंत."

सरोजिनीबाई रेघेवरून गेल्या, मान वळवून "चार" म्हणाल्या, सरळ परत आल्या. मग घंटी सोडवून त्यांनी नवऱ्याच्या हँडलवर बसवली.

तर जाकीट सरोजिनीबाईंना, खांद्यात जरा सैल. नुकसान असं झालं: अनंतरावांचा गुडघा, संगमेश्वरचं पातेलं, तिसांची न्याहारी. आणि डॉक्टरांची भजी. ती मात्र कायमची बंद, कारण आता घंटी त्यांच्या मागं होती.