कोरा पाऊच

आल्बन पॅस्कोच्या पलंगावर दोन संच मांडले होते, आणि कुठला घालायचा हे ठरवता ठरवता त्याचा चहा दोनदा गार झाला होता.

दोन्ही एकाच घाटाचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पायदळातल्या साध्या शिपायाला मिळायचे तसे. कॅनव्हासचा कमरपट्टा, खांद्यावरून येणारे दोन पट्टे, पोटाशी दोन मोठे पाऊच, पाण्याची बाटली. त्याहून जास्त काही नाही. एक संच हल्लीच शिवलेली नक्कल होती. कापड जरा जास्तच पोपटी, पितळ जरा जास्तच पिवळं. दुसरा अस्सल होता. त्रेचाळीस साली शिवला गेला आणि कुठल्याशा गोदामात पडून राहिला. कुणा शिपायाच्या अंगाला लागला नाही की पावसाचा थेंब त्याच्यावर पडला नाही. आल्बन चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासायचा आणि रात्री या संचाकडे बघत बसायचा. माणसाला काहीतरी वेड असावंच, पण याचं जरा जास्तच होतं.

खरं तर ठरवण्यासारखं काही नव्हतंच. मॉरवेनाने महिन्यापूर्वीच स्पष्ट बजावलं होतं. मॉरवेना शाळेची बस चालवायची आणि रविवारी आल्बनची हौशी तुकडी चालवायची. प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या बंदुका घेऊन इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या रानात जुनी लढाई खेळायची, छर्रा लागला की हात वर करून मुकाट्याने बाजूला व्हायचं, असा तो खेळ. मागच्या खेळात आल्बन आपले जुने पट्टे खराब होतील म्हणून चिखलात आडवा झालाच नाही. झाडाआड उभा राहिला. त्याच्या पाऊचमधली छर्ऱ्यांनी भरलेली मॅगझिनं मशीनगनवाल्या जोरीपर्यंत पोचली नाहीत आणि सगळी तुकडी गारद झाली.

"हे बघ राजा," मॉरवेना म्हणाली होती, "पुढच्या खेपेला लोळवता येईल असं काहीतरी घालून ये. अस्सल माल घेऊन आलास आणि पुन्हा असा नवरदेवासारखा उभा राहिलास, तर दुसरी तुकडी शोध. मी तोंडावर सांगतेय, मागून नाही."

ते आल्बनच्या फार जिव्हारी लागलं. बायको त्याला सोडून प्लिमथला गेली त्याला दोन वर्षं झाली होती. दुकानाबाहेर त्याच्याशी बोलणारी माणसं म्हणजे ही तुकडी. ती गेली तर रविवारी काय करायचं, कुणाशी बोलायचं?

एवढं सगळं कळत असूनही शेवटी त्याने अस्सल संचच चढवला. आरशात पाहिलं आणि तो उतरवून नक्कल घालायला हात धजेना, दुसरं कारण नाही. शहाणी माणसं असंच करतात आणि मग देवाला दोष देतात.

रानाच्या तोंडाशी मॉरवेनाने त्याच्याभोवती एक चक्कर मारली. पाऊचवर टिचकी मारली.

"अस्सल नाही ना रे?"

"छे! नक्कल आहे."

"लोळशील?"

"डुकरासारखा."

जोरी फिदीफिदी हसला. तो पेन्झान्सला मासे विकायचा. अंगाने आडवा, आणि कुणाची टोपी उडवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "लिहून घ्या रे कुणीतरी. पॅस्कोसाहेब आज आंघोळ करणार."

त्या दिवशीचा डाव साधा होता. ओढ्यावरचा लाकडी साकव दुपारच्या शिट्टीपर्यंत राखायचा. समोर डेव्हनहून आलेले 'जर्मन', दुपटीने जास्त. जोरीची ब्रेन मशीनगन हाच काय तो आधार, आणि तिची मॅगझिनं त्या काळच्या रीतीप्रमाणे जोरीकडे नव्हती, सगळ्यांच्या पाऊचमध्ये वाटलेली होती. ते मोठे पाऊच मुळात त्यासाठीच शिवलेले. आल्बन जोरीचा नंबर दोन. शेजारी पडून मॅगझिन पुरवायचं, हे त्याचं काम.

साकवाच्या बगलेला पोचायला ओढ्यातूनच जावं लागणार होतं. मॉरवेना काठावर थांबली आणि तिने वळून एकट्या आल्बनकडे पाहिलं. आल्बनने डोळे मिटले आणि पाण्यात शिरला. पाणी आधी कमरेला लागलं, मग पोटाला. ऐंशी वर्षं कोरडं राहिलेलं कापड अधाशासारखं पाणी पिऊ लागलं. त्याला रडू येईल असं वाटलं, पण तो चालत राहिला. पलीकडे चिखलात आडवाही झाला.

"अरे वा," मॉरवेना पुटपुटली. त्या दोन शब्दांनी त्याला ऊब आली.

मग जर्मन आले. सुरुवातीला तुकडीने बरं तोंड दिलं. पण एकेकाला छर्रे लागू लागले, हात वर जाऊ लागले, आणि गेलेल्यांबरोबर त्यांच्या पाऊचमधली मॅगझिनंही गेली. मेलेल्याच्या अंगावरून काही काढायचं नाही हा नियम. हळूहळू तिघंच उरले. साकवाच्या या टोकाला जोरी आणि आल्बन, आणि मागच्या दगडाआड मॉरवेना.

ब्रेन खरखरली आणि गप्प झाली.

"मॅगझिन!" जोरी ओरडला.

आल्बनने डाव्या पाऊचला हात घातला. झाकणाची पट्टी पितळी कडीतून ओढून काढायची, की झालं. पट्टी हलेना. त्याने जोर लावला, नख तुटलं, तरी ती जागची हलेना. उजवीकडे पाहिलं, तिथेही तेच. कधीच न भिजलेलं नवं कापड पहिल्या पाण्याला फुगतं आणि आवळतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्या काळातले शिपाई म्हणूनच नवे पट्टे आधी भिजवून, ताणून घेत, असं त्यानेच कितीदा जोरीला ऐकवलं होतं. पण आपला कोरा संच बादलीत बुडवायची कल्पनासुद्धा त्याने कधी मनात आणली नव्हती.

"आल्बन! झोपलास काय?"

"निघत नाहीये!"

"पुन्हा सुरू झालं का तुझं!"

मागच्या दगडाआडून मॉरवेना हे सगळं बघत असणार, आणि ते जास्त वाईट होतं. साकवाच्या पलीकडे झुडपं हलत होती. दोन शिरस्त्राणं दिसली, मग चार.

आल्बनच्या मांडीवरच्या खिशात मलमपट्टी होती आणि पट्टी कापायची बोथट टोकाची कात्री. ती त्याने ओढून काढली. कात्रीचं पातं झाकणाच्या पट्टीखाली सरकवून तो क्षणभर थांबला. असा संच त्याला पुन्हा मिळणार नव्हता. साकवावर पहिली पावलं वाजली.

त्याने कात्री दाबली. पट्टी तुटली, पण आवळलेल्या कापडाने मॅगझिन धरूनच ठेवलं होतं. मग त्याने पाऊचची कड वरपासून खालपर्यंत कराकरा कापली आणि मॅगझिन ओढून जोरीच्या हातात कोंबलं. ब्रेन पुन्हा खरखरली. साकवावरचे चार हात वर गेले. आल्बन तोवर दुसरा पाऊच कापत होता, आणि तोंडाने कुणाला तरी शिव्या देत होता. बहुधा स्वतःलाच.

शिट्टी झाली तेव्हा साकव त्यांचा होता.

माळावर चहा आला, मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी आल्या. आल्बनने भिजलेले पट्टे उतरवून गवतावर टाकले आणि त्यांच्याकडे पाठ करून बसला.

"माणसाला चेव आला की असा येतो!" जोरी भरल्या तोंडाने म्हणाला. "दोन्ही पाऊच फाडले पठ्ठ्याने. केवढ्याला पडले रे?"

"स्वस्तातले होते," आल्बन म्हणाला. "नक्कल."

मॉरवेनाने वाकून पट्टा उचलला. फाटलेल्या पाऊचचं झाकण तिने सहज उलटलं. आतल्या बाजूला फिकट काळ्या शाईचा शिक्का होता. सरकारी मालावर असायचा तो बाण आणि खाली साल, १९४३. तिने शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग तिने मान वर करून आल्बनकडे पाहिलं. त्याने नजर खाली घातली. आता ती सगळ्यांसमोर बोलणार, खोटारडा म्हणणार, आणि तिचं म्हणणं खरंच असणार.

"बघू गं इकडे," जोरीने हात पुढे केला.

"त्यात काय बघायचंय? पोतेरं आहे नुसतं," मॉरवेना म्हणाली आणि झाकण मिटून पट्टा आपल्या मांडीखाली घेऊन बसली. जोरी दुसरी पेस्टी आणायला उठला.

तो लांब गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "अरे, मी नुसता दम दिला होता. सहा माणसं आपण. तुला काढून मी आणणार होते कुणाला?"

आल्बनने कप गवतावर ठेवला.

"इतकं कशाला केलंस रे?"

"तुम्ही नसलात तर," आल्बन म्हणाला, "मला रविवारी कुणी हाक मारत नाही."

मॉरवेनाचे डोळे भरून आले, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. तिने नाक पुसलं आणि जोरीकडे तोंड करून खेकसली, "ए जोरी! एकटाच काय गिळतोस? आल्बनलाही एक आण."