चारात एक

“विचारलं तेवढंच लिहा. जास्तीचं लिहाल तर परीक्षक वैतागतो.”

बोरकुटे सरांचं हे सांगणं चंद्रकलेच्या कानात इतकं मुरलं होतं, की काचपट्ट्या धुतानाही ते ऐकू यायचं. गडचिरोलीच्या त्या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती पाच वर्षं डेमॉन्स्ट्रेटर होती, तीही दरसाल नव्यानं नेमलेली. सकाळी महादेवाला पाणी घातल्याशिवाय ती तोंडात काही घालत नसे, आणि बेडूक ट्रेमध्ये टाचण्याआधी मनातल्या मनात त्याची माफी मागत असे. पोरं हसायची. हसोत बापडी.

त्या दिवशी दुसऱ्या दिवसाच्या प्रात्यक्षिक परीक्षेची मांडामांड चालली होती. सर कापलेल्या बेडकाशेजारी बसून भजी खात होते आणि तेलकट बोटं ‘हमखास प्रश्नां’च्या सायक्लोस्टाईल कागदाला पुसत होते. हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडाची आकृती, आणि पाचवा प्रश्न: आई-बाप दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे वाहक असतील, तर अपत्याला तो होण्याची शक्यता किती? उत्तर: चारात एक. भज्यांचा आणि फॉर्मॅलीनचा वास एक झाला होता.

“सात नंबरची काच पुसली का, बाई?”

पुसली होती. दोन वर्षांपूर्वी कुरखेड्याकडच्या एका जंगलातल्या गावी कॉलेजचं शिबिर गेलं होतं, तेव्हा पोचू नावाच्या पोराच्या बोटातून काढलेलं ते रक्त. रंगवून पक्कं केलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या दिसायच्या. पोचू त्याच पावसाळ्यात गेला. काचेच्या कडेला सरांच्या अक्षरात चिठ्ठी होती: ‘सिकल. उत्तम.’ दोन वर्षं आपण हे ‘उत्तम’ फडक्यानं लखलखीत ठेवत आलो, या विचारानं तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली.

तेवढ्यात दाराशी आवाज आला. “सर हायेत का जी?”

पोचूची आई मंगली उभी होती. कडेवर पाचेक वर्षांची पोर, हातात पानाच्या द्रोणात चारोळी.

“बाजाराले आली होती. म्हटलं, सरांले देऊन जाऊ. शिबिरात तुमी म्हटलं होतं ना जी, चारात एक. माहा एक गेला. आता म्होरले तीन मोकळे. तवापासून जीव हलका झाला.”

सरांनी चिमूटभर चारोळी तोंडात टाकली. “बघा चंद्रकलाबाई! आपल्या पोट्ट्यांपेक्षा हिचं गणित पक्कं.”

“सर, तिला उलटं कळलंय.”

“मग? गणित शिकवायला आलोय का आपण तिला?”

पोर कुरकुरली, “पाय दुखते, माय.”

“सोंग करते जी सोमारी,” मंगली हसली. “भावाचं पाहून शिकली.”

पोरीच्या डोळ्यांत, या आजारात येतो तसा, हळदीसारखा पिवळेपणा होता. सरांनाही तो दिसला. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, तेलकट बोटानं पोरीची खालची पापणी ओढून पाहिली आणि खूश झाले. “वा! ती काच फिकी पडलीच होती. टोचा बाई, ताजी करून ठेवू.”

त्यांनी चंद्रकलेच्या हातात सुई दिली. तिनं ती परत डबीत ठेवली.

“आज कोणता उपास?”

“उपासाचा संबंध नाही, सर. मी टोचणार नाही.” आवाज नेहमीसारखाच खाली होता.

“बाहेरचे परीक्षक उद्या दहाला येतील. नेमणुकीचा कागद माझ्या सहीनं निघतो, एवढं ध्यानात असू द्या.”

ती मंगलीला घेऊन व्हरांड्यात आली. चिंचेखालचे दोन चिंचोके उचलून तिनं दगडानं फोडले आणि दोघांची एकेक फाक घेतली. एक बाजू काळी, एक पांढरी. गावोगावी पोरी खेळतात तसेच.

“हा तुझा चिंचोका, हा घरधन्याचा. दोन्ही काळे पडले तर पोर आजारी. टाक.”

मंगलीनं टाकले. काळा-पांढरा. पुन्हा टाकले. दोन्ही काळे.

“हा पोचू. आता पुढचा डाव. मागच्या डावात दोन्ही काळे पडले होते, हे चिंचोक्यांना आठवतं का?”

मंगलीनं टाकले. दोन्ही काळे. तिनं घाईनं ते उचलले, जणू कोणी पाहू नये.

“मंग प्रत्येक खेपेले नवा डाव?”

“प्रत्येक खेपेला. दवाखान्यात तपासल्याबिगर सोमारीचं कळणार नाही. पण तिचं दुखणं सोंग नव्हे, मंगली. आत्ताच चल.”

“घरवाल्याले इचारल्याबिना सुई नाई टोचू देत बाई मी. मागं पोचूले टोचली अन् पोरगं गेलं, म्हणून चैतू अजून बोलते मले.” ती थांबली. “अन् आमच्या गावात ज्याचं ज्याचं एक गेलं, ते समदे निवांत हायेत. पाय दुखते म्हणलं का थापड मारतेत पोरांले. माहं कोण आयकन?”

व्हरांड्यापर्यंत सरांच्या ढेकराचा आवाज आला. चंद्रकलेनं पदर नाकाला लावला.

“उद्या सकाळच्या गाडीनं मी येते. चैतूभाऊंशी बोलते, सगळ्यांसमोर डाव मांडते, आणि सोमारीला माझ्याच हातानं दवाखान्यात आणते. तोवर पोरीला पाणी पाजत राहा, उन्हात फिरवू नको.”

“खरंच येशीन जी? शिबिरवाले बी पुन्हा येतो म्हणून गेले होते.”

“येईन.”

मंगली गेल्यावर तिनं नळाखाली हात तीनदा धुतले, तरी तो वास गेला नाही. सात नंबरची काच मांडायची राहिली होती. तिनं ती मांडली नाही. कागदात गुंडाळून कपाटात सारली आणि सरांनी विचारलं तेव्हा तसं सांगूनही टाकलं. सर काय काय बोलले, ते तिनं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना महादेवाला पाणी घालून तिनं गूळ-शेंगदाणे पिशवीत घेतले. आईनं विचारलं, “आज परीक्षा ना गं?”

“हो,” ती म्हणाली, “पण मी कुरखेड्याला चालले.”

कॉलेजकडे वळणारा रस्ता आला, तेव्हा फाटकाशी चौकीदार झाडू मारत होता. त्यानं हात जोडले. तिनंही जोडले आणि सरळ बसस्टँडची वाट धरली.