हेन्रीनं न उचललेली बंदूक

मित्रांनो, देवळीजवळच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स माधवीताई ज्यावर मिरच्या वाळवतात ना, तो मी, एक जुना स्ट्रेचर. हसू नका! ब्रह्मदेशाच्या लढाईत माझं किंतान माणसांच्या रक्तानं भिजलं आहे.

मला पुढून उचलायचा लहानू, इथलाच, देवळीकडचा. मागून हेन्री, इंग्रज. हेन्री क्वेकर होता, म्हणजे युद्धाला पाप मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा. बंदुकीला शिवणार नाही, पण जखमींना वाहून नेईन, असं सांगून तो फौजेच्या वैद्यकीय तुकडीत आला होता. गोळ्यांच्या माऱ्यातही त्यानं कधी कुणाला टाकलं नाही. लहानू चिडवायचा, "साहेब, तुम्ही देवमाणूस, पन जिद्दी लय!"

फौजेचा नियम असा, की जखमीबरोबर त्याची बंदूकही आणायची. ती हरवली तर शिपायाला शिक्षा. एका दुपारी लहानूनं अशीच एक बंदूक माझ्यावर ठेवली. त्याच्या दोन्ही खांद्यांवर औषधांच्या पिशव्या होत्या.

हेन्री अडला. "यह मैं नहीं उठाऊँगा."

जखमी तडफडत होता, वाद घालायला वेळ कुठला? लहानूनं बंदूक झुडपात ठेवली. जखमीला पोचवल्यावर "आत्ता घेऊन येतो, साहेब" म्हणत तो एकटाच मागे गेला. संध्याकाळी हेन्रीनं दुसऱ्या एकाच्या मदतीनं त्याला माझ्यावरूनच आणलं. गोळी लागली होती, जीव नव्हता.

युद्ध संपलं. मोडीत निघालेल्या मला फौजेकडून मागून घेऊन हेन्रीनं लहानूचं घर गाठलं. लेक गेल्याची तार त्याच्या आईला, अन्नपूर्णाबाईला, आधीच मिळाली होती. क्वेकरांची प्रार्थना म्हणजे मुकाट बसणं. हेन्री अंगणात तसाच बसला.

"बोल ना बाप्पा! काऊन आला?" अन्नपूर्णाबाईनं विचारलं.

त्यानं सगळं खरं सांगितलं. "माँ, माफ करो."

म्हातारी त्याच्या हातांकडे बघत राहिली. "तुह्ये हात साफ राह्यले. तुह्या वाटचं माह्या लेकरानं उचललं. मी नाई करत माफ."

हेन्री गेला. मी राहिलो. पुढं गावात बाळंतपणात अडलेल्या बाया चिखलातून नेल्या, साप चावलेले नेले. लोकांनी दुवा दिला. मग अँब्युलन्स आली अन् मी अडगळीत पडलो.

मित्रांनो, माझं किंतान उसवलं आहे, टाके घातलेत तर उपकार होतील. आणखी एक मागतो. "हे मी करणार नाही" म्हणायचा हक्क तुम्हाला आहेच. पण म्हणताना आजूबाजूला बघा. तिथं कुणाचा तरी लहानू उभा असतो.